आई जवळ असली की आजारी मूल जास्तच रडतं, मग आईने बाहेर थांबावं का?

"मॅडम, मी दिसले की ती जास्त रडते म्हणून सगळे मला खोलीबाहेर काढतात, खरंच माझ्यामुळे तिला त्रास होतोय का हो?"

हा प्रश्न मला बऱ्याच आया विचारतात, बाबासुद्धा विचारतात पण जरा आडून. या वेळी समोर होती पाच वर्षांच्या एका मुलीची आई (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात). लेकीला दम्याचा त्रास, मध्यंतरी तो फार वाढला म्हणून ॲडमिट करावं लागलं, सलाईन लावताना शीर सापडेना, दोन्ही हातांना टोचून झालं, आणि तेव्हापासून रक्त काढायचं म्हटलं की आकांत, नुसता नेब्युलायझरचा (श्वासातून औषध देणाऱ्या मशीनचा) मास्क दिसला तरी आकांत. आजीजवळ गप्प बसते आणि आई आली रे आली की भोकाड पसरते, त्यामुळे घरात सगळ्यांचं एकमत झालेलं, की आईनेच लाडावून ठेवलंय तर आईने लांब राहावं. आणि ती माउली खरंच दाराबाहेर उभी राहून आतलं रडणं ऐकत होती.

मी त्यांना आधी हे सांगितलं की रडू तिच्या पोटात आधीपासूनच असतं, तुम्ही दिसलात की त्याला वाट मिळते. आपलंही तसंच होतं ना, दिवसभर सगळं नीट रेटतो आणि संध्याकाळी आपल्या माणसाने "काय गं, काय झालं?" एवढं विचारलं की डोळे भरून येतात, त्या माणसाने काही आपल्याला रडवलेलं नसतं.

आणि गप्प बसलेलं मूल शांत झालंय असं समजू नका, हे तर मी सगळ्याच पालकांना कळकळीने सांगते. इंग्लंडमध्ये १९५० च्या आसपास बऱ्याच हॉस्पिटलांत आईबापांना आजारी मुलाला अगदी मोजका वेळ भेटू द्यायचे, कारण काय तर ते आले की मुलं रडतात, नाहीतर छान रुळतात. जेम्स रॉबर्टसन नावाच्या संशोधकाने या मुलांचं बारकाईने निरीक्षण केलं, जॉन बोल्बी या मानसोपचारतज्ज्ञांबरोबर तो काम करायचा. त्याला दिसलं की मूल आधी जोरजोरात रडून आईला बोलावतं, मग हताश होऊन मलूल पडतं आणि शेवटी आई आली तरी तिच्याकडे नीट बघतही नाही. ज्याला सगळे रुळणं म्हणत होते ते खरं तर मुलाने आशा सोडणं होतं. पुढे १९५९ मध्ये तिथल्या सरकारी समितीने, प्लॅट समिती म्हणतात तिला, शिफारस केली की आईवडिलांना मुलाजवळ कधीही येऊ द्यावं. लसीकरणाच्या वेळी मुलाला कमी दुखावं म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये ज्या सूचना दिल्या त्यातही सुई टोचताना आणि नंतरही पालकांनी जवळ असावं असं आहे. म्हणजे त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे, आतच थांबायचं.

पण आत थांबून करायचं काय, खरी अडचण इथे होती. मी म्हटलं, तुम्ही तिला नेमकं काय बोलता ते जसंच्या तसं बोलून दाखवा. त्यांनी एका दमात म्हणून दाखवलं, "काही नाही होणार, काही नाही होणार बाळा, मुंगी चावल्यासारखं वाटेल फक्त, झालं झालं, संपलं." हे बोलताना पर्सचा बंद त्यांनी बोटांभोवती इतका घट्ट गुंडाळला होता की बोटाची टोकं पांढरी पडली होती, आवाज चढलेला, श्वास वरच्या वर. आता पोर शब्द ऐकेल की ही बोटं बघेल? एरवी कोणी येता-जाता "घाबरू नकोस" म्हणत नाही, म्हणजे ते ऐकू आलं की घाबरण्यासारखं काहीतरी आहे हे पाच वर्षांच्या मुलालाही कळतं. कॅनडातल्या मेगन मॅकमर्ट्री आणि क्रिस्टीन चेंबर्स यांच्या संशोधनात (२०१०) रक्त काढून घेणाऱ्या मुलांनाच विचारलं होतं, आणि पालक दुसऱ्या विषयावर बोलत असताना वाटले त्यापेक्षा धीर देत असताना मुलांना जास्त घाबरलेले वाटले होते. आणि मुंगीचं म्हणाल तर सुई मुंगीसारखी लागत नाही हे मुलाला पहिल्याच टोचणीला समजतं, मग पुढच्या वेळी आपण काहीही सांगितलं तरी ते कशाला विश्वास ठेवेल?

तर आम्ही वाक्यंच बदलली. "टोचेल. थोडा वेळ दुखेल, मग कमी होईल. रडू आलं तर रड, फक्त हात हलवायचा नाही, हात धरायला मी आहे." एवढंच, आणि एकदाच. त्यानंतर विषय सुईचा नाही, तिने लांब फुंकर मारायची, आईने गोष्ट सांगताना मुद्दाम चुकायचं आणि तिने चूक पकडायची. आडवं दाबून धरायचं नाही, मांडीवर पाठ टेकून बसवायचं. निवड द्यायची पण खरी, म्हणजे डावा हात की उजवा असं विचारायचं, "टोचू या का आता?" असं नाही, कारण ती नाही म्हणाली तर ते आपण ऐकणार नसतोच.

मास्कसाठी जरा जास्त दिवस गेले. तिथे शांत होणं जास्त गरजेचंही होतं कारण मूल रडत असलं की औषध फुप्फुसात नीट पोहोचतच नाही, डॉक्टरही हे सांगतात. मशीन बंद असताना मास्क तिच्या हातात खेळायला दिला, बाहुलीला लावला, आईला लावला, मग तिचा तिने स्वतः धरला. मात्र दम लागलेला असताना हे खेळ करत बसायचं नाही, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलंय तसं औषध लगेच. आणि मूल बोलता बोलता धापा टाकत असेल, श्वासाबरोबर बरगड्यांखाली आत ओढलं जात असेल, ओठ निळसर दिसत असतील तर धीर बिर नंतर, आधी हॉस्पिटल.

एक गोष्ट मात्र अशी निघाली जी घरात कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. मी आईंना म्हटलं होतं की रात्री निवांत असताना तिला विचारा, तुला काय वाटतं, दम कशामुळे लागतो? तर पोरगी म्हणाली, "मी दादाला ढकललं ना, म्हणून." इतके महिने ते मनात धरून बसली होती! या वयात असं वाटतं मुलांना, वाईट वागलं की वाईट होतं असं मुलं धरून चालतात हे पियाजे या मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्येच लिहून ठेवलंय, आणि आपण मोठे त्यात भर घालतो, "ऐकलं नाहीस तर डॉक्टर टोचतील हं" हे वाक्य तर घराघरात आहे. हे वाक्य आजपासून बंद करा, अगदी हात जोडून सांगते. आईंनी तिला सांगितलं, तू ढकललंस म्हणून नाही, कोणाच्याच चुकीने नाही, तुझ्या छातीतल्या श्वासाच्या नळ्या कधीकधी आवळतात, औषध त्या सैल करतं. तिने दोनतीनदा परत तेच विचारलं म्हणे, आणि दरवेळी तेच उत्तर द्यावं लागलं.

अजूनही रक्त काढताना ती रडते, आणि रडू दे. फरक हा की नंतर पाच-दहा मिनिटांत आईच्या कुशीत सावरते, पूर्वी अख्खा दिवस जायचा.

आता ज्या पालकांना सुई बघूनच भोवळ येते त्यांचं काय, असं बाबांनी विचारलं (ते स्वतःबद्दलच विचारत होते). तर त्यांनी सुईकडे बघायचं नाही, मुलाच्या चेहऱ्याकडे बघायचं, तेही जमत नसेल तर मुलाच्या ओळखीचं, मायेचं दुसरं माणूस आत बसू दे, पण मुलाला आधी सांगून, "मी दाराबाहेर आहे, आजी तुझ्याजवळ आहे, झालं की लगेच आत येतो." न सांगता सटकायचं नाही, आणि लगेच म्हटलं तर लगेचच जायचं.