उंची थांबल्यावर ग्रोथ हॉर्मोन बंद करावे का?

प्रश्न : माझ्या मुलाला नवव्या वर्षी ग्रोथ हॉर्मोनची कमतरता असल्याचे निदान झाले. तेव्हापासून तो रोज रात्री इंजेक्शन घेतो. आता तो १७ वर्षांचा आहे आणि त्याची उंची जवळजवळ थांबली आहे, त्यामुळे उपचार बंद करावेत असे आम्हाला वाटते. मात्र या कमतरतेमुळे तरुणपणीच हृदयविकार जडतो, असे वाचल्यापासून धास्ती बसली आहे. त्याचे एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉलही थोडे वाढलेले आहे. काय करावे?
– एक आई

उत्तर : आपली धास्ती निराधार नाही, परंतु तिच्यापोटी इंजेक्शने चालू ठेवणेही योग्य नाही आणि उंची थांबली म्हणून ती परस्पर बंद करणेही योग्य नाही. हे हॉर्मोन केवळ हाडे वाढवत नाही. ते साठलेली चरबी वापरायला लावते, स्नायू टिकवते आणि रक्तातील एलडीएल उचलून घेण्याच्या यकृताच्या कामाला मदत करते. त्याची तीव्र उणीव राहिल्यास पोटातील अवयवांभोवती चरबी साठते, एलडीएल वाढते, रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराचे काम मंदावते आणि हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या स्नायूचे वस्तुमान घटू शकते. उंची पूर्ण झाल्यावर उपचार थांबवलेल्या, पण उणीव कायम असलेल्या काही तरुणांमध्ये असे बदल आढळले आहेत. हे जोखमीचे निदर्शक आहेत. मुलाला हृदयविकार झाला आहे, असा त्यांचा अर्थ नव्हे.

या भीतीचे मूळ बव्हंशी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात आहे. मेंदूच्या तळाशी असलेली, हे हॉर्मोन स्रवणारी पिट्यूटरी ग्रंथी निकामी झालेल्या ३३३ रुग्णांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी झालेले मृत्यू अपेक्षेच्या सुमारे दुप्पट होते. मात्र ते प्रौढ रुग्ण होते, आणि अशा रुग्णांमध्ये गाठ, शस्त्रक्रिया, किरणोपचार, इतर हॉर्मोनांची कमतरता व त्यांच्या गोळ्यांचे कमीअधिक डोस यांचाही वाटा असतो. उलट, ब्राझीलमधील इताबायानिन्या येथे जनुकीय दोषामुळे जन्मापासून केवळ याच हॉर्मोनची तीव्र उणीव असलेली माणसे आहेत. उपचार न घेतलेल्या या प्रौढांमध्ये पोटावरची चरबी आणि कोलेस्टेरॉल जास्त असूनही रक्तवाहिन्या अकाली कठीण झालेल्या आढळल्या नाहीत. त्यामुळे सगळा दोष एकट्या ग्रोथ हॉर्मोनच्या उणिवेवर टाकता येत नाही, असे माझे मत आहे.

आपल्या मुलाची उणीव आजही आहे का, हा खरा प्रश्न आहे. ज्या मुलांना केवळ याच एका हॉर्मोनची कमतरता होती आणि एमआरआयमध्ये काही दोष दिसला नव्हता, त्यांच्यापैकी अनेकांची फेरतपासणी उंची पूर्ण झाल्यावर सामान्य येते. याउलट पिट्यूटरीची अनेक हॉर्मोने कमी असणाऱ्यांमध्ये किंवा जनुकीय कारण सिद्ध झालेल्यांमध्ये उणीव बहुधा कायम राहते. फेरतपासणीसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली इंजेक्शने किमान महिनाभर थांबवून आयजीएफ-१ (ग्रोथ हॉर्मोनच्या प्रभावाने मुख्यतः यकृतात तयार होणारे द्रव्य) रक्तात तपासतात आणि गरजेनुसार उत्तेजन चाचणी, म्हणजे औषध देऊन हॉर्मोन किती स्रवते ते पाहणारी चाचणी, करतात. हे हॉर्मोन टप्प्याटप्प्याने, मुख्यतः गाढ झोपेत स्रवते. म्हणून दिवसा कधीही रक्त घेऊन केलेल्या एका मोजणीवर विसंबू नये.

तपासणी सामान्य आली, तर उपचार निःशंकपणे थांबवावेत. उणीव कायम असल्यास ते पुन्हा सुरू करण्याचा विचार होतो, पण डोस बदलतो. वाढीच्या वयात रोज प्रतिकिलो २५ ते ३५ मायक्रोग्रॅम दिले जाते, म्हणजे ५० किलोच्या मुलाला सव्वा ते पावणेदोन मिलिग्रॅम. या वयात सुरुवात बहुधा अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास करून पुढे आयजीएफ-१ पाहून मात्रा ठरवतात. जास्त मात्रेने सूज, सांधेदुखी आणि रक्तातील साखर वाढणे असे त्रास होऊ शकतात.

वाढलेल्या एलडीएलचे खापर लगेच या कमतरतेवर फोडू नका. थायरॉइड मंदावल्यानेही ते वाढते, आणि ग्रोथ हॉर्मोनच्या उपचारात थायरॉइडची लपलेली कमतरता उघड होऊ शकते. त्यामुळे टी-४ हे थायरॉइड हॉर्मोन जरूर तपासून घ्या. घराण्यात लहान वयात हृदयविकार झालेला असल्यास तेही डॉक्टरांना सांगा. वजनकाट्यापेक्षा कमरेच्या घेराकडे लक्ष ठेवा, कारण स्नायू घटून चरबी वाढली तरी वजन तेवढेच दिसते. रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल यांची नोंद उपचार थांबवण्यापूर्वी आणि नंतरही ठेवा. बालरोगतज्ज्ञांकडून प्रौढांच्या हॉर्मोनतज्ज्ञांकडे जाताना अनेक तरुणांचा पाठपुरावा तुटतो. म्हणून पहिल्या निदानाचे अहवाल, एमआरआय आणि डोसांच्या नोंदी मुलाच्याच हाती द्या, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांशी त्यालाच बोलू द्या.