पुस्तक उघडं आहे, पण अभ्यास?

"मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती. आता बेळगावात बी.ए. सायकॉलॉजीला आहे. नोट्स पाच-पाच वेळा वाचते, तरी ४६ टक्के. मी रात्री अकरापर्यंत समोर बसतो, पुस्तक उघडलं नाही तर ती बोलणी खाते. मराठीतून अभ्यास करायचा नाही अशी ताकीद दिली आहे. कोर्स बदलू का?" – एक वडील, खानापूर तालुका

नमस्कार.

मला टक्क्यांपेक्षा तुमच्या समोर बसण्याची काळजी वाटली. तिच्या अभ्यासक्रमात निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट नावाचं तत्त्व असतं. पुष्कळ मुलं त्याला शिक्षा समजून परीक्षेत चुकतात. एखादी गोष्ट केली की त्रास थांबतो, म्हणून माणूस ती पुन्हा करतो, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या घरात पुस्तक उघडलं की बोलणी थांबतात. म्हणून ती पुस्तक उघडून बसते. अकरापर्यंत बसून तुम्ही तिला तेवढंच शिकवलंत. उद्यापासून तिथून उठा.

पाच वेळा वाचलं की पाठ झालं, हा मोठा गैरसमज. वाचून मजकूर ओळखीचा होतो आणि येतंय असं वाटतं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते चार वेळा वाचले, काहींनी एकदा वाचून तीनदा न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात ६१ टक्के उरलं, वाचणाऱ्यांच्या ४०.

आणि ती मराठीची बंदी आजच उठवा. बाजारात कन्नड, वर्गात इंग्रजी आणि घरात मराठी सांभाळणाऱ्या पोरीकडून समजून घ्यायची भाषाच काढून घेताय! येताना बसमध्ये तिनं वही न उघडता आजचा तास आठवावा. घरी आईला मराठीत सांगावा, उदाहरणं घरातली, गल्लीतली घ्यावीत. मग तेच इंग्रजीत चार-पाच ओळींत लिहून पुस्तकाशी ताडून बघावं. पेपर इंग्रजीत आहे, म्हणून ही पायरी गाळू नये. तीन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा.

कोर्सचं म्हणाल, तर बँकेच्या परीक्षा कुठल्याही पदवीवर देता येतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर पुढे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं शिक्षण लागतं. पण तिला काय हवंय, हे तुमच्या पत्रात एका ओळीतही नाही. आधी ते विचारा, आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या.