डेस्कटॉप प्रोग्रॅममध्ये ब्राउझर बसवताना

जिनिंगच्या वजनकाट्यावरील पावतीच्या प्रोग्रॅममध्येच कापसाच्या भावाचे पान दिसावे, ही तुमची कल्पना मला मनापासून आवडली. सुरुवातीला पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि क्यूटी वेबइंजिन (क्यूटी या खिडक्या-बटणे बनवण्याच्या साधनसंचातला, वेबपान दाखवणारा भाग) एवढेच घ्या. त्यात क्रोमियम (क्रोम ब्राउझरचा गाभा) असल्यामुळे आजची संकेतस्थळे नीट दिसतात. जुन्या उदाहरणांत त्याच कामाचे आधीचे क्यूटी वेबकिट आढळेल, परंतु ते २०१६ मध्ये क्यूटी ५.६ मधून वगळले गेले, म्हणून त्यावर वेळ घालवू नका.

नवशिक्यांकडून प्रामुख्याने या चुका होतात:

- नेट गेल्यावर काय दाखवायचे, हे ठरवलेले नसते. माझ्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये हेच राहून गेले होते. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग आणि काट्यावरच्या मुलासमोर कोरी पांढरी खिडकी. पान उघडले की नाही, हे वेबइंजिनकडून प्रोग्रॅमला येणारी ‘लोडफिनिश्ड’ ही सूचना (सिग्नल) सांगते; उत्तर नकारार्थी आल्यास संगणकावरच ठेवलेले साधे पान दाखवा.
- आकाराचा अंदाज नसतो. क्रोमियममुळे प्रोग्रॅम शंभर एमबीच्या पुढे जातो, म्हणून तालुक्याला एकदाच डाउनलोड करून पेनड्राइव्हवर आणलेला बरा.
- क्यूटीची आवृत्ती वर्षानुवर्षे तीच राहते आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत.

पानाच्या आत चालणाऱ्या जावास्क्रिप्ट कोडशी देवाणघेवाण तूर्त नको. आधी एक खिडकी आणि एक पत्ता, एवढे चालू करून मला कळवा.