नाकाचा आकार बदलण्याची सर्जरी करायची आहे, आधी काय माहीत असावं?

तुमच्या नाकावर उंचवटा आहे, तो काढून घ्यायचाय आणि आधी काय माहीत असावं, असं तुम्ही विचारलंय. मी चार वर्षांपूर्वी हेच ऑपरेशन करून घेतलं, म्हणून मनापासून सांगते.

सेल्फी बघून काहीही ठरवू नका. ३० सेंटीमीटरवरून काढलेल्या फोटोत नाक दीड मीटरवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. कुणाला तरी लांबून, समोरून आणि बाजूने फोटो काढायला सांगा.

दिसण्याइतकाच श्वास महत्त्वाचा. उंचवटा हाडाचाही असतो आणि कूर्चेचाही, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचिक भागाचाही. तो गरजेपेक्षा जास्त तासला तर आतली वाट अरुंद होऊन कायमचा त्रास होऊ शकतो. दोन नाकपुड्यांमधला पडदा वाकडा असेल तर तोही त्याच वेळी सरळ करता येतो. त्यामुळे नाकात डोकावून न बघता थेट कॉम्प्युटरवर नवं नाक दाखवणाऱ्या डॉक्टरांकडे मी तरी जाणार नाही.

खरी कसोटी नंतर लागते. मला पूर्ण भूल दिली होती. दुखलं फारसं नाही, पण नाक गच्च, तोंडाने श्वास, घसा कोरडा, डोळ्यांखाली निळंजांभळं. दोन उशांवर डोकं उंच ठेवून झोपायचं, नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून. आठवड्याने नाकावरचा कडक आधार (स्प्लिंट) निघाला आणि आरशात बघून मी रडले. नाक फुगलेलं, शेंडा वर ओढलेला, वरचा ओठ इतका ताठ की हसूही येईना. त्या दिवशीचं नाक अंतिम नसतं, हे मला कुणीतरी ठासून सांगायला हवं होतं. बरीचशी सूज काही आठवड्यांत उतरते, शेंड्याची मात्र वर्षभरही रेंगाळते, आणि त्वचा जाड असेल तर आणखी. म्हणूनच दुरुस्तीचं दुसरं ऑपरेशन सहसा वर्षभर तरी करत नाहीत. ते काहींना खरंच लागतं, तेव्हा त्याचा खर्च कोण करणार हे आधीच विचारा.

सिगारेट ओढत असाल तर काही आठवडे आधीपासून बंद करा, चालू औषधं सगळी सांगा. चष्मा असेल तर काही आठवडे तो नाकावर टेकवता येणार नाही. ऑपरेशन टाळून फिलर (आकार बदलायला त्वचेखाली टोचतात ते जेल) घ्यावं वाटत असेल, तर ते चुकून रक्तवाहिनीत गेल्यास त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते, हे लक्षात ठेवा.

आज एक करा: एकेक नाकपुडी दाबून श्वास घेऊन बघा. एका बाजूने अडकत असेल तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा.