मॉर्फिन घड्याळ बघून द्या, कळ यायची वाट बघू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की आईंना मॉर्फिन, म्हणजे दुखणं कमी करायचं जोरदार औषध, "अगदीच सहन झालं नाही तरच" देताय, सवय लागेल म्हणून, आणि त्या जेवत नाहीत तर सलाईन लावू का. मी १४ वर्षं कॅन्सर वॉर्डात नर्स आहे, आधी गोळीचंच बोलते कारण त्रास तिथेच जास्त होतोय.

मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर साधारण ४ तास राहतो, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला द्यायचीच, आईंनी मागितली नाही तरी. कळ एकदा चढली की तीच गोळी पुरत नाही, आणि पुढची कळ कधी येईल या धास्तीनेच माणूस झोपत नाही. सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग डॉक्टर झाल्या, १९६७ साली लंडनला हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घ्यायची जागा, काढलं, औषध असं वेळेवर द्या हाच त्यांचा आग्रह होता. सवयीचं मनातून काढा, डोस वाढवावा लागतो तो बहुतेक वेळा आजार पुढे सरकतो म्हणून. मधेच दुखलं तर जादा डोस किती, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि एका वहीत वेळ आणि १० पैकी किती दुखतंय ते टिपत जा. हळूहळू विरघळणारी १२ तासांची गोळी असेल तर कुटून देऊ नका हं. हाक मारूनही उठत नसतील, श्वास फार संथ वाटला, तर लगेच फोन करा.

मॉर्फिनने होणारी मळमळ थोड्या दिवसांनी कमी होते पण बद्धकोष्ठ जात नाही, पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवंच. कूस बदलायची, अंग पुसायचं असेल तर जादा डोस त्याच्या अर्धा तास आधी द्यायचा का तेही विचारा, आमच्याकडे एक आजोबा नुसता हात लावला तरी ओरडायचे, तेवढ्याने शांत पडून राहायला लागले.

आता जेवण. शेवटी शेवटी शरीरालाच अन्न नको होतं, त्या तुमच्यावर रुसल्या नाहीयेत, बळेबळे भरवू नका, ठसका लागेल. सलाईनने तेव्हा ताकद येत नाही, उलट सूज आणि घशातली घरघर वाढू शकते, तरी डॉक्टरांना विचाराच. कोरड पडते ती तोंडाला, दर दोनेक तासांनी मऊ ब्रश ओला करून आतून फिरवा, ओठांना क्रीम लावा. माझ्या अनुभवात याने खूप बरं वाटतं त्यांना.