एजंटचे चौदा दिवस

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरचे एक वाचक लिहितात : २००२ सालची होंडा सिटी व्हीटेक दोन वर्षांपूर्वी अमरावतीहून घेतली. आता तिचं दीड लिटरचं इंजिन काढून त्याच कंपनीच्या अ‍ॅकॉर्डचं २.४ लिटरचं बसवायचं आहे. इंजिन गिअरबॉक्ससकट एका हाफ-कटवाल्याकडून, म्हणजे जुन्या गाड्या कापून त्यांचे भाग विकणाऱ्याकडून, घेऊन झालं, बिल नाही. गॅरेजवाल्याला साठ हजार अ‍ॅडव्हान्सही दिला. आरटीओबाहेरचा एजंट म्हणतो, आधी बसवून घ्या, मग चौदा दिवसांत कळवा, आरसीवर नोंद होऊन जाते. हे बरोबर आहे का? आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता : गाडी अजून अमरावतीच्या मालकाच्याच नावावर आहे, त्याने काही फरक पडतो का?

पडतो. त्यावर येतोच, आधी इंजिनाचं बघू.

अशी पत्रं सारखी येतात. कोणाला जिप्सीत डिझेल इंजिन घालायचं असतं, कोणाला जुन्या लान्सरमध्ये सीडियाचं दोन लिटर. गाडी बदलते, एजंट तोच. आवाज, सायलेन्सर, काचांवरची काळी फिल्म यावर मी शाई खर्च करत नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि नसेल तर फुटाळ्यावर उभा असलेला वाहतूक पोलीस सांगेल.

एजंट अगदीच खोटं बोलत नाही. तो जुना कायदा सांगतो आहे, तोही अर्धवट. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या मूळ कलम ५२ मध्ये बदलाला वाट होती : नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवा, मंजुरी घ्या, मग बदल करा. २००० साली संसदेने ती वाट बंद केली. आता कलमाची सुरुवातच अशी आहे की आरसीतला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. मंजुरी घेऊन करा असं ते म्हणत नाही, करूच नका म्हणतं. तुमच्या आरसीवर १४९३ सीसी लिहिलं आहे. अ‍ॅकॉर्डचं ते इंजिन २३५४ सीसीचं. ही सिटी होंडाने २३५४ सीसीत कधी काढलीच नाही, मग आरटीओने नोंद करायची कशाच्या आधारावर? केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलं. त्यानंतर राज्याच्या एखाद्या नियमाकडे किंवा ‘आमच्या ऑफिसात चालतं’कडे बोट दाखवण्यात अर्थ राहिलेला नाही.

मग चौदा दिवस आले कुठून? ते कलम ५२ च्याच पोटकलम ३ मध्ये आहेत, आजही. त्याच्या आधीचं पोटकलम आहे ट्रॅव्हल्स आणि ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी : ज्याच्याकडे किमान दहा वाहतुकीची वाहनं आहेत त्याला राज्य सरकार त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन मंजुरीशिवाय बदलायची मुभा देऊ शकतं. असं इंजिन बदललं की चौदा दिवसांत कळवायचं. पोटकलम ३ ची वाक्यरचना गबाळी आहे, कबूल. एखादा हुशार वकील त्यातून तुमच्यासाठी अर्थ काढूही शकेल आणि सिव्हिल लाइन्सला उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे रिट घालू शकेल. तारखा पडत राहतील आणि तोवर गाडी कव्हर घालून पार्किंगमध्ये धूळ खाईल. कळवण्याची मुदत म्हणजे करण्याची परवानगी नव्हे, हे सरकारी वकील पहिल्या पाच मिनिटांत सांगेल, आणि मला वाटतं न्यायालयाला ते पटेल.

लोक दंडाचा हिशेब करतात. कलम १८२-ए, पोटकलम ४ : प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ‘पाच हजार भरून टाकू, वकीलसाहेब,’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. गाडी जाते ती यात नाही. ती जाते कलम ५५ च्या पोटकलम ५ मध्ये, आणि ते कोणी वाचत नाही. गाडीवर कोरलेला इंजिन नंबर किंवा चेसिस नंबर आरसीतल्या नंबरापेक्षा वेगळा असल्याची नोंदणी प्राधिकाऱ्याची खात्री पटली, की मालकाचं म्हणणं ऐकून आणि कारणं लेखी नोंदवून त्याने नोंदणी रद्द करायची आहे. इथे कायद्याने त्याच्या मर्जीवर काही सोडलेलं नाही. आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत कलम ५७ खाली अपील करता येतं. पण अपिलात सांगणार काय? नंबर वेगळा आहे, हे तर तुम्हीही नाकारणार नाही.

‘पण कोण बघतंय?’ तुम्ही आरसीचा फोटो जोडला आहे, म्हणून सांगू शकतो. पहिली पंधरा वर्षं २०१७ ला संपली, मग पाच-पाच वर्षांची दोन नूतनीकरणं. आता वैधता नोव्हेंबर २०२७ पर्यंत. त्याआधीच्या साठ दिवसांत फॉर्म २५ भरून गाडी तपासणीला न्यावी लागेल. गिरीपेठच्या आरटीओत काय होतं ते बघून या एकदा. बॉनेट उघडतात, ब्लॉक आणि गिअरबॉक्स जुळतात तिथल्या सपाट पट्टीवरचं ऑइल फडक्याने पुसतात, वर कागद धरून पेन्सिल घासतात. होंडाचा नंबर इंजिनाच्या कोडनेच सुरू होतो. तुमच्या त्या इंजिनावर पहिलीच अक्षरं ‘के२४’ असतील. निरीक्षकाला आरसी पडताळायचीही गरज नाही, कागदावर उमटलेल्या अक्षरांवरूनच त्याला कळेल. पीयूसीवाल्याकडे गाडी पास होते हा पुरावा इथे कामाचा नाही. तो धूर मोजतो, ब्लॉकवरचा नंबर नाही.

या टप्प्यावर गॅरेजवाला म्हणेल, जुना नंबर नव्या ब्लॉकवर पंच करून देतो. तसं झालं तर मोटार वाहन कायदा बाजूला राहील आणि बनावटीकरण, फसवणूक या भाषेत बोलणं सुरू होईल. नकोच.

बिलाशिवाय घेतलेलं इंजिन हा तुमच्या पत्रातला मला सगळ्यात खटकलेला भाग. ते कोणत्या गाडीतून निघालं? ती गाडी भंगारात गेली असेल तर तिच्या मालकानेही तसं आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायला हवी होती. कलम ५५ पोटकलम १, आणि तिथेही मुदत चौदाच दिवसांची. विकणाऱ्याकडे त्या गाडीचा नंबर, नोंदणी रद्द झाल्याचा कागद आणि आपलं बिल मागा. इंजिन नंबर एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याच्या, ‘वाहन समन्वय’वर टाकून बघा, चोरीच्या नोंदीत आहे का. त्याच्या चोरीची नोंद कुठल्या पोलीस ठाण्यात निघाली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली पहिला प्रश्न हाच असेल की माल चोरीचा आहे असं मानायला तुम्हाला कारण होतं की नाही. बिल न मागता इंजिन घेतलेला माणूस त्याला काय उत्तर देणार?

विम्याबद्दल मी थोडा सावध बोलतो, कारण निकाल सगळे एका बाजूचे नाहीत. थर्ड पार्टीचा हप्ता सीसीवर ठरतो. जून २०२२ पासूनच्या दरांत १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला वर्षाला ३,४१६ रुपये आणि १५०० च्या वर ७,८९७. तुम्ही हप्ता भरणार मधल्या गटाचा आणि समृद्धीवर चालवणार वरच्या गटाची गाडी. अपघात झाला आणि कोणाचा जीव गेला, तर कंपनी कलम १५० दाखवून म्हणू शकते की महत्त्वाची गोष्ट लपवून पॉलिसी घेतली. न्यायाधिकरण तरीही कंपनीला आधी भरपाई द्यायला लावेल आणि मग तुमच्याकडून वसूल करायची मुभा देईल, असं होऊ शकतं. होईलच असं नाही. आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा मात्र नाकारला जाईल असंच धरून चाला. ग्राहक आयोगात काही निकाल अंशतः रक्कम देणारे आहेत, त्यांच्या भरवशावर इंजिन बसवू नका.

गंमत बघा, हाच कायदा तुम्हाला सीएनजी किट बसवू देतो, आणि बॅटरीवरही जाऊ देतो. मंजूर किट, मान्यताप्राप्त ठिकाणी, ठरलेल्या अटींवर. म्हणजे इंजिन पूर्ण काढून टाकलं तरी चालेल, मोठं पेट्रोल इंजिन नाही चालणार. यामागचं धोरण समजतं, पण गाडीवर जीव लावलेल्या माणसाला ते पटवून देणं अवघड आहे. तुमच्यासाठी उरलेली वाट म्हणजे त्याच मॉडेलचं, तितक्याच सीसीचं इंजिन. ते बिल आणि मूळ गाडीच्या कागदांसह आणलंत, आरटीओची लेखी परवानगी आधी घेतलीत, तर नंबर बदलाची नोंद होण्याची शक्यता बरी आहे. नाहीतर आहे तेच इंजिन चांगल्या हातात देऊन पूर्ण उघडून बांधून घ्या. ते व्हीटेक १०६ अश्वशक्तीचं आहे, म्हातारं झालं म्हणून त्याला हलकं समजू नका. आणि २.४ लिटरच हवं असेल, तर ते जिच्या आरसीवर आधीपासून लिहिलेलं आहे अशी जुनी अ‍ॅकॉर्ड घ्या.

गाडी फक्त ट्रॅकवर चालवू, असंही काहीजण विचारतात. कलम ३९ सार्वजनिक ठिकाणीच नव्हे, ‘इतर कोणत्याही ठिकाणी’ही नोंदणीशिवाय चालवायला मनाई करतं. ट्रॅकवाले कसं निभावतात हा वेगळा विषय आहे, आणि नागपुरातून जवळ म्हणावा असा ट्रॅकही नाही.

साठ हजारांचं काय? इंजिन अजून बसलेलं नाही ही जमेची बाजू आहे. गॅरेजवाल्याला लेखी कळवा की काम रद्द, झालेल्या कामाचा हिशेब देऊन उरलेले पैसे परत करा. व्हॉट्सअ‍ॅप चालेल, पण सोबत स्पीड पोस्टने एक प्रत पाठवा. तो अडला तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, तक्रारीला मुदत दोन वर्षांची. कायद्यात तक्रार तीन महिन्यांत निकाली काढावी असं लिहिलं आहे. ते वाचून जो हसत नाही तो अजून आयोगाची पायरी चढलेला नाही. शिवाय समोरचा म्हणेल की काम बेकायदेशीर होतं हे दोघांनाही माहीत होतं, आणि अशा सौद्यात न्यायालय हात आखडता घेतं. म्हणून तडजोडीत चाळीस हजार जरी परत मिळाले तरी घ्या. हाफ-कटवाल्याकडून पैसे मिळणं त्याहून अवघड. त्याने इंजिन परत घेतलं तर देऊन मोकळे व्हा.

आता अमरावतीचा मालक. गाडी विकल्यावर विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत, हे कलम ५० सांगतं. दोन वर्षं झाली, आणि तुम्ही ‘काही फरक पडतो का’ म्हणून विचारता! कायद्याच्या नजरेत तुम्ही मालकच नाही. त्याच मॉडेलचं इंजिन बसवायचा साधा अर्जही तुमच्या सहीने होणार नाही. उद्या अपघात झाला तर भरपाईच्या दाव्यात तो बिचारा माणूस उभा राहील, कारण नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पुन्हा सांगितलं आहे. तुम्ही लिहिलंय की तो मुलाकडे कायमचा पुण्याला जायच्या तयारीत आहे. तो जायच्या आत, या रविवारीच, अमरावतीला जा. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर त्याच्या सह्या घ्या, त्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या, विमा तुमच्या नावावर करायचा अर्ज त्याच दिवशी भरा. उशिराचा दंड लागेल, तो कुरकुर न करता भरा. आणि गॅरेजमध्ये गाडीचं बॉनेट उघडलेलं असेल, तर जाण्याआधी मूळ इंजिन जागेवर आहे ना, ते बघून घ्या.