कथित, तथाकथित आणि ‘गुन्हा दाखल’

मुलुंडच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विभागातल्या एका माजी नगरसेवकांवरून जुंपली आहे. पुनर्विकासात जागा मिळवून देतो असं सांगून पैसे घेतल्याची तक्रार पोलिसांत गेली, पुढे काय झालं ते कुणालाच नीट माहीत नाही. एका गटाने लिहिलं ‘कथित फसवणूक’, दुसऱ्याने ‘तथाकथित फसवणूक’, आणि त्यावरून वाद पेटला. ताई ग्रुपच्या ॲडमिन. त्या विचारतात, दोन्ही शब्दांचा अर्थ एकच ना, मग भांडण कसलं?

ताई, भांडण बरोबर जागी चाललंय. ‘कथित’ म्हणजे कुणीतरी सांगितलेलं. सांगणारा एक, मी दुसरा, खरं-खोटं अजून ठरायचंय, एवढंच त्यात येतं. ‘तथाकथित’ म्हणजे शब्दशः ‘तसं म्हटलं जाणारं’, पण मराठीने त्यात नाक मुरडणं घातलंय. ‘तथाकथित विचारवंत’ लिहिणारा माणूस त्या विचारवंताला चहाला बोलावणार नसतो. तेव्हा ‘तथाकथित फसवणूक’ म्हणजे फसवणूक वगैरे काही झालेली नाही, लोकांनी उगाच तसं नाव दिलंय. पहिला शब्द निकाल राखून ठेवतो, दुसरा देऊन मोकळा होतो.

त्याहून जास्त घोळ ‘कथित’ कुणाला चिकटवायचं यात असतो. ‘कथित आरोप’ हा प्रयोग सर्रास दिसतो. अहो, आरोप तर झालाय, लेखी, सहीनिशी. कथित आहे ते पैसे घेणं. ‘कथित आरोपी’ तर विनोदच. आरोपी म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो, आणि तो आहेच. पण आपल्या कानांना ‘आरोपी’ हा शब्द ‘गुन्हेगार’ असाच ऐकू येऊ लागलाय, म्हणून वर ‘कथित’चं ठिगळ लावावं लागतं.

याचं मूळ बहुधा ‘गुन्हा दाखल झाला’ या पोलिसी मराठीत आहे. मला हा सगळ्यात फसवा वाक्प्रचार वाटतो. ऐकणाऱ्याला वाटतं, गुन्हा घडला हे ठरलं. दाखल होते ती फक्त खबर. एफआयआरला ‘प्रथम खबर’ म्हणतात ते त्यामुळेच. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर मिळाली की पोलिसांनी ती नोंदवायची असते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. अदखलपात्र तक्रारीची नुसती ‘एनसी’ (‘नॉन-कॉग्निझेबल’ अशी नोंद) होते, आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपासही करू शकत नाहीत. तुमच्या ग्रुपवर यातलं नेमकं काय झालंय, हे आधी विचारा. ‘पोलीस केस झाली’ यात दोन्ही मावतं.

आता ‘क्लीन चिट’. माजी नगरसेवकांचे समर्थक हा शब्द कधीतरी आणणारच. खटला भरण्याजोगं काही हाती लागलं नाही की महाराष्ट्रातले पोलीस कोर्टाला ‘समरी’ पाठवतात. ए समरी म्हणजे गुन्हा खरा, पण छडा लागला नाही. बी समरी म्हणजे तक्रारच खोटी, खोडसाळपणे केलेली. सी समरी म्हणजे खरीही म्हणवत नाही आणि खोटीही म्हणवत नाही, गैरसमजातून झालेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची. जागेच्या व्यवहारात ही सी समरी हमखास डोकावते. तिन्हींचे अर्थ इतके वेगळे, पण बातमीत आणि पेढ्यांच्या बॉक्सवर सगळ्यांचं नाव एकच: क्लीन चिट! आणि बी काय, सी काय, ते पोलिसांचं मत झालं. दंडाधिकारी ते नाकारून पुढचा तपास करायला सांगू शकतात, तक्रारदार त्याविरुद्ध प्रोटेस्ट पिटिशन, म्हणजे हरकतीचा अर्ज, करू शकतो. म्हणून कुणी क्लीन चिट म्हटलं की दोन प्रश्न: समरी कुठली, आणि कोर्टाने ती मंजूर केली का?

सी समरीतली ही मधली जागा कायद्याला जुनी ओळखीची आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याने तीन व्याख्या दिल्या होत्या: शाबीत झालेलं, खोटं शाबीत झालेलं, आणि दोन्ही न झालेलं. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही त्या तिन्ही आहेत. बोली मराठीत तिसऱ्याला सुटसुटीत शब्द नाही. ‘अनिर्णित’ होता, तो आपण क्रिकेटला देऊन टाकला. त्यामुळे ‘सिद्ध झालं नाही’ याचं दुसऱ्याच वाक्यात ‘खोटं होतं’ होऊन जातं.

जैन हवाला प्रकरण आठवा. जैन बंधूंच्या डायरीत नेत्यांना पैसे दिल्याच्या नोंदी सापडल्या, त्यावरून नावं आली आणि लालकृष्ण अडवाणींनी जानेवारी १९९६ मध्ये खासदारकीचा राजीनामा दिला. त्या वर्षीची लोकसभा निवडणूकही लढवली नाही. एप्रिल १९९७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरचे आरोप रद्द केले आणि १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. हिशेबाच्या वहीतली नोंद एकटीच्या बळावर कुणाला जबाबदार धरायला पुरत नाही, आणि अडवाणींविरुद्ध नोंदीपलीकडे पुरावा नव्हता. तिथे खटला चालून सुटका झाली नाही, खटला उभाच राहिला नाही. मराठी वर्तमानपत्रं खटल्याआधीच्या अशा सुटकेला ‘दोषमुक्ती’ म्हणतात आणि खटल्यानंतरच्या सुटकेला ‘निर्दोष मुक्तता’. कायद्याच्या हिंदीत मात्र ‘दोषमुक्ति’ खटल्यानंतरची, आधीची ती ‘उन्मोचन’. हिंदी बातमी ग्रुपवर फॉरवर्ड करताना तेवढं सांभाळा.

मतदाराने कोर्टाचंच माप वापरावं असं अर्थात नाही. मत कुणाला द्यायचं हे संशयावरूनही ठरवता येतं. फक्त संशय आहे तर संशय म्हणा. ‘लाचेचा आळ’ लिहिणाऱ्याने माणूस निर्दोष धरलेला असतो, आणि ‘ठपका’ ठेवायला कुणीतरी चौकशी केलेली असावी लागते. आपलं जुनं ‘म्हणे’ या बाबतीत प्रामाणिक, पण ते बहुतेकदा येतं वाक्याच्या शेवटी. ‘त्यांनी पाच लाख खाल्ले म्हणे’ यात ‘म्हणे’ पोचेपर्यंत पाच लाख पचलेले असतात. ‘पैसे घेतल्याचा आरोप’ यातही ‘घेतल्याचा’ आधी कानावर पडतं.

‘कथित’ लिहिलं की आपण सुटलो, हेही खरं नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद आहे, दंड आहे, आता समाजसेवेचीही सोय आहे. उपरोधाने केलेलं दोषारोपणही बदनामी ठरू शकतं, असं त्यातलं स्पष्टीकरण सांगतं. तेव्हा ‘तथाकथित तक्रारदार’ असं खवचटपणे लिहिणाऱ्या दुसऱ्या गटालाही हे सांगून ठेवा.

ग्रुपवर ठेवायचंच असेल तर असं वाक्य ठेवा: ‘अमुक यांनी जागा देतो सांगून पैसे घेतले, अशी तक्रार अमुक व्यक्तीने अमुक तारखेला अमुक पोलीस ठाण्यात दिली आहे, तपास चालू आहे.’ यात ‘कथित’ची गरजच पडत नाही. आणि तारीख, ठाणं यातलं काहीच कुणाला सांगता आलं नाही, तर ॲडमिन म्हणून तुम्ही तो मेसेज खुशाल उडवा.